ब्लूम यांचे शिक्षक माणसेच होती

संपादक महोदय,

प्रत्येकाच्या गतीने शिकवणारे सॉफ्टवेअर प्राध्यापकाची जागा घेईल, या गेल्या अंकातील लेखाला शिक्षणतज्ज्ञ बेंजामिन ब्लूम यांचा दाखला जोडला आहे. तो गैरलागू आहे. ब्लूम यांच्या १९८४च्या निबंधातला ‘दोन सिग्मा’ (म्हणजे विद्यार्थ्यांच्या गुणांतील दोन प्रमाण विचलनांचा) फरक हाडामांसाच्या शिक्षकांच्या शिकवणीचा होता, संगणकाच्या नव्हे. शिवाय संशोधक कर्ट व्हॅनलेन यांच्या २०११च्या आढाव्यात माणसाच्या शिकवणीचा परिणामही ०.७९ सिग्माच भरला. पायरी न् पायरी तपासणारी सॉफ्टवेअर ०.७६ वर होती, हे मान्य. पण नुसते अंतिम उत्तर तपासणारी ०.३१ वरच अडकली.

लेखात कौतुक आहे ते नेमके याच दुसऱ्या जातीचे! माझे विद्यार्थी ‘हिंट’चे बटण दाबत राहतात, शेवटच्या हिंटमध्ये उत्तर आयते मिळते. पडद्यावर हिरवी खूण, आणि फळ्यापाशी उभे केले की ततपप.

राहिली लेखाने घातलेली, सॉफ्टवेअर न घेतल्यास ‘मागे पडण्याची’ भीती. अ‍ॅरिझोना स्टेट विद्यापीठाने २०११ मध्ये गणितासाठी ज्या न्यूटन (Knewton) या सॉफ्टवेअर कंपनीची प्रणाली घेतली, ती स्वतःच स्वतंत्रपणे टिकली नाही; तिचा व्यवसाय २०१९ मध्ये वायली प्रकाशनाने विकत घेतला. लेखात याचा उल्लेखही नाही.

आपला,
गणिताचा एक प्राध्यापक, सांगली