गाळलेला एक शब्द

१४ नोव्हेंबर १९४० ची रात्र. दुसरं महायुद्ध चालू होतं. जर्मन विमानांनी इंग्लंडमधल्या कॉव्हेंट्री शहरावर रात्रभर बॉम्ब टाकले. पाचशेहून अधिक माणसं मृत्युमुखी पडली. शहरातलं मुख्य चर्च जळालं. उरल्या नुसत्या भिंती!

अशा वेळी कुणालाही वाटेल, 'आता बघूनच घेऊ!' पण तिथले प्रमुख धर्मगुरू रिचर्ड हॉवर्ड यांनी त्याच नाताळात रेडिओवरून सांगितलं, सुडाचा विचार मनातून काढून टाका. जळक्या तुळयांचा क्रूस उभारला गेला. पुढे त्यामागच्या भिंतीवर हॉवर्ड यांनी क्षमेची प्रार्थना कोरून घेतली. येशूनं क्रुसावरून मारेकऱ्यांसाठी, म्हणजे 'त्यांना', क्षमा मागितली होती. हॉवर्ड यांनी नेमका 'त्यांना' हा शब्द गाळला. का बरं? क्षमेची गरज काय फक्त शत्रूलाच असते?

फेब्रुवारी १९४५ मध्ये ब्रिटिश आणि अमेरिकन विमानांनी जर्मनीतलं ड्रेस्डेन बेचिराख केलं. हजारो माणसं मेली. तिथलंही मोठं चर्च कोसळलं. २००५ साली ते पुन्हा खुलं झालं. त्याच्या घुमटावरचा सोनेरी क्रूस घडवणारा ब्रिटिश कारागीर कोण होता, ठाऊक आहे? ड्रेस्डेनवर बॉम्ब टाकायला गेलेल्या एका वैमानिकाचा मुलगा!

आजही जगात युद्धं चालूच आहेत. 'सुरुवात त्यांनी केली' असं जो तो म्हणतो. अगदी आपल्या वर्गातसुद्धा! भांडण मिटवायची सुरुवात मात्र आपण करायची. जमेल ना?