रीमा लागूंना ‘आई’ कुणी केलं?

आधी साधं गणित करू. रीमा लागूंचा जन्म २१ जून १९५८चा. १९८८ साली ‘कयामत से कयामत तक’मध्ये त्या जुही चावलाच्या आई झाल्या, तेव्हा त्यांची तिशीही उलटली नव्हती आणि जुही त्यांच्याहून जेमतेम नऊ वर्षांनी लहान होती. १९८९च्या डिसेंबरात ‘मैंने प्यार किया’ आला. त्यातला मुलगा सलमान खान त्यांच्याहून साडेसात वर्षांनी लहान. १९९९च्या ‘वास्तव’मध्ये मुलगा संजय दत्त, आणि दोघांच्या वयात फरक तेरा महिन्यांचा.

१८ मे २०१७ला त्या गेल्या, अठ्ठावन्नाव्या वर्षी. त्या दिवशी आपण सगळ्यांनी काय शेअर केलं? ‘पडद्यावरची आई गेली’. अजूनही मदर्स डे आला की त्यांचे फोटो फिरतात. प्रेमानंच फिरतात, मान्य. पण एका अभिनेत्रीच्या आयुष्यभराच्या कामावर एकच टॅग लावायचा आणि वर त्यालाच श्रद्धांजली म्हणायचं, याचा मला राग येतो.

कारण ही बाई आधी नाटकातली. माहेरच्या नयन भडभडे. आई मंदाकिनी भडभडे रंगभूमीवरच्या अभिनेत्री. शाळा पुण्याची हुजूरपागा. पुढे मुंबईत बँकेची नोकरी आणि सोबत नाटकं. जयवंत दळवींच्या ‘पुरुष’मध्ये त्या अंबिका होत्या, समोर गुलाबरावाच्या भूमिकेत नाना पाटेकर, दिग्दर्शन विजया मेहतांचं. गुलाबराव हा सत्तेतला माणूस. तो शिक्षिका असलेल्या अंबिकेवर बलात्कार करतो. कायदा, समाज, घरचे आदर्श, कुणीही तिच्या कामी येत नाही. शेवटी ती स्वतःच हिशेब चुकता करते, त्याचं पुरुषपण कापून टाकते. ऐंशीच्या दशकात मराठी मध्यमवर्गासमोर रात्रीमागून रात्री उभं राहून हे करायचं होतं. शेखर ताम्हाणेंच्या ‘सविता दामोदर परांजपे’मध्ये तर एकाच देहात दोन बायका. कुसुम ही संसारी बायको, आणि तिच्या अंगात येणारी सविता. तिथे क्लोजअप नाही, दुसरा टेक नाही, कॉम्प्युटरवर केलेला भुताचा चेहरा नाही. जे करायचं ते आवाजानं आणि अंगानं.

आता ही अंबिका आणि ‘हम आपके हैं कौन’मधली हसऱ्या चेहऱ्याची आई शेजारी ठेवून बघा. हिंदी सिनेमाला ती अंबिका नकोच होती. त्याला चाळिशीतही हिरो राहू शकेल असा पुरुष हवा होता आणि त्याला तरुण दाखवण्यासाठी शेजारी एक आई. बाईचं वय हिरोच्या सोयीनं ठरत होतं. फिल्मफेअरची सहायक अभिनेत्रीसाठीची चार नामांकनं त्यांना मिळाली, पुरस्कार एकदाही नाही.

आईची भूमिका मुळातच हलकी असते, असं मी म्हणत नाही. ‘वास्तव’चा शेवट आठवा. स्वतःच्या मुलावर गोळी झाडणारी ती आई बघताना नाटकातली रीमा लागू किती ताकदीची असेल याचा अंदाज येतो. दिग्दर्शक महेश मांजरेकर, तेही मराठी रंगभूमीवरून आलेले. हा योगायोग नाही, असं मला वाटतं. आणि ‘श्रीमान श्रीमती’तली कोकिळा? ‘तू तू मैं मैं’मधली सासू? विनोदाचं टायमिंग असं की आजच्या रीलवाल्यांनी शिकावं.

पण बॉलिवूडला शिव्या घालणं सोपं आहे. माझं खरं भांडण मराठी नाटकवाल्यांशी आहे. रीमा लागूंचं सिनेमातलं काम जगभर पोचलं आणि नाटकातलं काम त्या-त्या रात्री नाट्यगृहात बसलेल्यांपुरतं उरलं. मग लोकांनी ‘आई’ लक्षात ठेवली तर दोष कुणाचा? मी सॉफ्टवेअरमध्ये काम करतो. ज्याची दुसरी कॉपी नाही ते आमच्याकडे गेलेलंच धरतात.

मेहकर तालुक्यातल्या हिवरा आश्रमात बसून हे जास्त टोचतं. मुंबईचं नाटक दौऱ्यावर निघालं की नागपूर, अमरावती, फार तर अकोला करून परत फिरतं. रात्री नाटक सुटल्यावर गावी परतायला एसटी नसते. त्यामुळे इथल्या पोरांना मराठी अभिनेत्री भेटते ती मोबाइलवर, मालिकेत नाहीतर हिंदी सिनेमात. निर्माते म्हणतात, खेड्यात प्रेक्षक नाही. यांनी एकदा विवेकानंद जयंतीच्या उत्सवाला यावं. ट्रॅक्टरमधून पुऱ्या आणि वांग्याची भाजी येते, लाखावर माणसं शिस्तीत पंगतीला बसतात, कीर्तनं-व्याख्यानं ऐकतात. प्रेक्षक आहे. त्याच्यापर्यंत यायची तुमची तयारी नाही.

दुसरा युक्तिवाद असा की नाटक ही जिवंत कला, रेकॉर्ड केली की मरते. लंडनच्या नॅशनल थिएटरनं जून २००९मध्ये हेलन मिरेनचं ‘फेद्र’ थेट सिनेमागृहांत दाखवलं आणि तेव्हापासून हा उपक्रम चालू आहे. तिथलं नाटक काही मेलं नाही. गंमत म्हणजे ती लंडनची रेकॉर्डिंग्ज मुंबईत नरिमन पॉइंटच्या एनसीपीएमध्ये दाखवली जातात. म्हणजे लंडनचं नाटक समुद्र ओलांडून मुंबईत येतं आणि दादरच्या शिवाजी मंदिरातलं नाटक मेहकरात येत नाही. विजया मेहतांनी ‘स्मृतिचित्रे’ दूरदर्शनसाठी केलं ते १९८२ साली. तेव्हा जमलं, आता प्रत्येकाच्या खिशात कॅमेरा असताना जमत नाही?

उरला पैशांचा मुद्दा. रेकॉर्डिंग फुकट फिरलं तर तिकीट कोण काढणार, ही भीती खरी आहे. पण जिथे तुमचा प्रयोगच होत नाही, तिथलं कुठलं तिकीट बुडतं? नाटक चालू असताना नका दाखवू. शेवटचे प्रयोग तीन कॅमेऱ्यांनी नीट चित्रित करा, नाटक बंद झाल्यावर दोन वर्षांनी पैसे घेऊन दाखवा, आणि प्रत्येक वेळी बघितलं गेलं की लेखकाला, नटांना, बॅकस्टेजवाल्यांना त्यांचा वाटा मिळेल असं करारात आधीच लिहा. हिशेब ठेवायला लागणारं सॉफ्टवेअर फार अवघड नाही, आमच्यातली चार पोरं ते करून देतील. पन्नास रुपये तिकीट ठेवा. आश्रमाच्या गावात पडदा लावायला जागा भरपूर आहे.