विश्लेषण : अमेरिकेतील काळे अस्वल कचराकुंडीपर्यंत का येते?

कचराकुंडी उचकटणारे, मोटारीत शिरलेले, घरामागच्या जलतरण तलावात डुंबणारे काळे अस्वल... अमेरिकेतील असे व्हिडीओ मोबाइलवर सतत फिरतात. पाहणाऱ्याला गंमत वाटते. अस्वलाच्या मात्र ते अनेकदा जिवावर बेतते. हा प्राणी माणसाच्या दारात का येतो?

हे अस्वल काळेच असते का?
नाही. केवळ उत्तर अमेरिकेत आढळणाऱ्या या प्रजातीत तपकिरी, दालचिनी रंगाची आणि कॅनडातील ब्रिटिश कोलंबियात चक्क पांढरी अस्वलेही असतात. आहार मुख्यतः बेरी, ओकची फळे, गवत, मुंग्या, अळ्या. महाराष्ट्रातील अस्वल वेगळ्या प्रजातीचे असून ते शीतनिद्रा घेत नाही.

शीतनिद्रेत काय घडते?
काही महिने खाणे-पिणे, मलमूत्र विसर्जन सारे बंद असते. अलास्कातील अस्वलांवरील २०११ च्या अभ्यासात हृदयाचे ठोके खूप मंदावल्याचे, तर चयापचय एक चतुर्थांशावर आल्याचे दिसले. शरीराचे तापमान मात्र ३० अंश सेल्सिअसच्या खाली गेले नाही. युरियातील नायट्रोजन शरीर पुन्हा प्रथिनांसाठी वापरते. म्हणून स्नायू फारसे झिजत नाहीत.

मग एवढी भूक कशासाठी?
या झोपेचे इंधन म्हणजे चरबी. ती साठवण्यासाठी हिवाळ्याआधी अस्वल दिवसाला २०,००० कॅलरींपर्यंत खाऊ शकते. मादीचे मीलन उन्हाळ्यात होते, पण भ्रूण गर्भाशयात रुजते हिवाळ्याच्या तोंडावर. चरबी अपुरी असेल, तर ते रुजतच नाही. अशा वेळी दिवसभर बेरी वेचण्यापेक्षा उघडी कचराकुंडी सोपी पडते. कोलोरॅडोतील डुरँगोजवळच्या अभ्यासात, माणसाचे अन्न खाणाऱ्या अस्वलांची शीतनिद्राही कमी झाल्याचे आढळले.

उपाय काय?
चटावलेले अस्वल पकडून दूर सोडले तरी अनेकदा परत येते आणि अखेर त्याला ठार केले जाते. कुंडी उघडीच राहिली, तर त्याच्या जागी दुसरे येते. कॅलिफोर्नियातील योसेमिटी उद्यानात १९९८ मध्ये अस्वलांनी मोटारी फोडण्याच्या, अन्न पळवण्याच्या दीड हजारांहून अधिक घटना घडल्या. त्यानंतर अन्नासाठी भक्कम लोखंडी पेट्या, अस्वलाला न उघडणाऱ्या कुंड्या आणि कडक नियम आले. घटना ९० टक्क्यांहून अधिक घटल्या.

अस्वलाची भूक बदलता येणार नाही. कुंडीचे झाकण बदलता येते. ते न बदलता अस्वलाला ‘उपद्रवी’ ठरवणे म्हणजे आपल्या आळसाची शिक्षा त्याला देणे होय.