४९-० चं कौतुक पुरे!

रॉकी मार्सियानोचं नाव निघालं की लोक ४९-० तोंडावर फेकतात आणि माझं डोकं फिरतं. अरे, पण हरवलं कुणाला ते बघा ना! १९५१ मध्ये जो लुईस ३७ वर्षांचा, १९५२ मध्ये वॉलकॉट ३८ चा. हेवीवेट किताब राखला फक्त सहा वेळा.

आणि लॅरी होम्स? त्याने वीस वेळा राखला! (लुईसने २५ वेळा; त्याच्याशी माझं भांडण नाही.) ४८-० वर असताना १९८५ मध्ये मायकेल स्पिंक्सकडून गुणांवर हरला आणि एकदम दुय्यम ठरला. खरा गुन्हा वेगळाच: १९८० मध्ये ३८ वर्षांच्या अलीला त्याने धुतलं. मार्सियानोने उतारवयातला लुईस पाडला, ते मात्र चालतं! माझ्या यादीत होम्स वर, मार्सियानो खाली. घाला शिव्या.