नालेसफाईचे आकडे सोडा, नाल्यात काय सोडले जाते ते विचारा

मे महिना आला की मुंबईत नालेसफाईचे आकडे झळकू लागतात. अमुक टक्के गाळ काढला, इतक्या फेऱ्या झाल्या, साहेबांनी पाहणी केली. जूनच्या पहिल्या मोठ्या पावसात कुर्ला, सायन पाण्याखाली गेले की विरोधक टक्केवारीचा हिशेब मागतात आणि प्रशासन समुद्राच्या भरतीकडे बोट दाखवते. या दरवर्षीच्या गदारोळात एक प्रश्न कुणी विचारत नाही. पावसाच्या पाण्यासाठी बांधलेल्या नाल्यात मैला आणि गाळ येतो कुठून, आणि तो काढायला खाली उतरतो कोण?

आपल्या बहुतेक कार्यकर्त्यांनी हा विषय ‘पर्यावरणवाल्यांचा’ म्हणून सोडून दिला आहे. तो सोडून देण्यासारखा नाही.

शहरात पाणी वाहून नेणाऱ्या दोन वेगळ्या यंत्रणा असतात. मलवाहिन्या घराघरांतले सांडपाणी प्रक्रिया केंद्राकडे नेतात. पर्जन्यजल वाहिन्या आणि नाले पावसाचे पाणी थेट खाडीत, समुद्रात सोडतात. या दुसऱ्या पाण्यावर कोणतीही प्रक्रिया होत नाही, कारण ते पावसाचे म्हणजे स्वच्छ, असे गृहीत धरलेले असते. आभाळातून पडणारा पाऊस बऱ्यापैकी स्वच्छ असतोही. पण रस्त्यावर आठ महिने साचलेले गाड्यांचे तेल, टायर झिजून झालेली भुकटी, गॅरेजमधले ग्रीस, बांधकामाची रेती-सिमेंट, जनावरांचे शेण, प्लास्टिक, हे सगळे पहिला जोरदार पाऊस तासाभरात धुऊन नाल्यात नेतो. म्हणून हंगामाचे पहिले पाणी सर्वांत घाण असते. हे जगातल्या प्रत्येक शहरात होते. मुंबईने त्यात स्वतःची भर घातली आहे: ठिकठिकाणी सांडपाणीच पावसाच्या नाल्यात सोडलेले आहे. याची खात्री करायला प्रयोगशाळा लागत नाही. जानेवारीत, पावसाचा थेंब नसताना, आपल्या वस्तीजवळच्या नाल्याकडे पाहा. तो काळ्या पाण्याने वाहत असेल तर तो पावसाचा नाला राहिलेला नाही, उघडे गटार झाला आहे.

मिठी नदीचेही तेच झाले. विहार आणि पवई तलावांच्या सांडव्यातून निघणारी ही नदी जेमतेम १८ किलोमीटर वाहून माहीमच्या खाडीला मिळते. केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाने २०१८ च्या यादीत तिला सर्वाधिक प्रदूषित नद्यांच्या पहिल्या वर्गात टाकले. या वर्गात पाण्याची जैविक ऑक्सिजन मागणी, म्हणजे घाण कुजताना पाण्यातला किती प्राणवायू खाते ते माप, लिटरमागे ३० मिलिग्रॅमहून जास्त असते. आंघोळीयोग्य पाण्यासाठी ही मर्यादा ३ आहे.

जुनी पर्जन्यजल व्यवस्था तासाला २५ मिलिमीटर पावसासाठी आखलेली होती. ती ५० पर्यंत न्यावी अशी शिफारस ‘ब्रिमस्टोवॅड’ अहवालाने १९९३ मध्ये केली, आणि तिची अंमलबजावणी रखडलेली असतानाच २६ जुलै २००५ उजाडला. सांताक्रूझला एका दिवसात ९४४ मिलिमीटर पाऊस झाला. पाणी ओसरल्यावर लेप्टोस्पायरोसिसची साथ आली. उंदीर आणि गुरांच्या मूत्रातून हा जंतू साचलेल्या पाण्यात येतो आणि पायाच्या जखमेतून शरीरात शिरतो. साचलेल्या पाण्यातून चालला असाल तर ७२ तासांच्या आत डॉक्टरांच्या सल्ल्याने गोळी घ्या, असे महापालिका अजूनही दर पावसाळ्यात सांगते. सल्ला योग्यच आहे. पण घरातच गुडघाभर पाणी शिरते त्या गोवंडी-मानखुर्दच्या माणसाने मोसमात किती वेळा गोळी घ्यायची?

दोष मात्र वस्तीलाच दिला जातो. ‘झोपडपट्टीवाले नाल्यात कचरा टाकतात’ हे वाक्य टीव्हीवरच्या चर्चेत इतक्या सहज येते की आपली मुलेसुद्धा ते मान्य करू लागली आहेत. कचरा टाकला जातो, हे खरे. पण ज्या गल्लीत कचऱ्याची गाडी शिरत नाही आणि मलवाहिनी आलेलीच नाही, तिथल्या सार्वजनिक शौचालयाचे पाणी जाणार कुठे? मिठीच्या काठावर तेलाचे रिकामे ड्रम धुणारे धंदे, पश्चिम उपनगरांतल्या नद्यांत शेण सोडणारे तबेले, रेतीचे ढीग उघडे ठेवणारे बिल्डर यांच्याबद्दल तितक्या आवेशाने कुणी बोलत नाही.

आता नाल्यात उतरणाऱ्याबद्दल. मोठ्या नाल्यांत यंत्रे चालतात. अरुंद गल्ल्यांतल्या लहान नाल्यांत आणि पेटिका गटारांत कंत्राटदाराचा मजूर उतरतो. तो कोणत्या समाजातला असतो हे आपल्या वाचकाला सांगायची गरज नाही. २०१३ च्या कायद्याने हाताने मैला साफ करायला लावण्यावर आणि सुरक्षा साधनांशिवाय गटारात, सेप्टिक टँकमध्ये माणूस उतरवण्यावर बंदी आणली. गटारात मृत्यू झाल्यास ३० लाखांची भरपाई द्यावी, असा आदेश सर्वोच्च न्यायालयाने ऑक्टोबर २०२३ मध्ये दिला. इथे कागदाची एक मेख आहे. नाला कागदावर ‘पर्जन्यजल वाहिनी’ असतो, त्यामुळे त्यात कमरेपर्यंत उभा असलेला माणूस ‘गाळ काढणारा मजूर’ ठरवता येतो. कायद्याच्या व्याख्येत मात्र मानवी विष्ठा वाहून नेणारी भूमिगत वाहिनी हे गटारच आहे, आणि शौचालयांची घाण ज्यात सोडली जाते त्या उघड्या नाल्याचाही उल्लेख आहे. माझ्या मते कायद्याची लढाई या व्याख्येवर उभी करायला हवी.

पाण्याच्या शुद्ध-अशुद्धतेचा हा खेळ आपल्याला नवा नाही. महाडचे चवदार तळे पावसाच्या आणि झऱ्यांच्या पाण्याने भरणारे. २० मार्च १९२७ रोजी बाबासाहेबांनी आणि हजारो सत्याग्रहींनी तिथले पाणी प्यायल्यावर ते ‘बाटले’ म्हणून १०८ घागरी पाणी उपसून शेण, गोमूत्र, दूध, दही मंत्रांसह तळ्यात सोडले गेले. जंतुशास्त्राच्या हिशेबाने पाहिले तर त्या तळ्याचे प्रदूषण त्या ‘शुद्धी’नेच केले. आज मंत्र नाहीत, निविदा आहेत. मिठीच्या गाळ उपशात सुमारे ६५ कोटींच्या कथित गैरव्यवहाराचा गुन्हा मुंबई पोलिसांच्या आर्थिक गुन्हे शाखेने मे २०२५ मध्ये नोंदवला. आरोप न्यायालयात ठरतील. पण घाण येत राहिली की उपसा दरवर्षी काढता येतो, हे समजायला निकालाची वाट पाहावी लागत नाही.

वर्सोव्याच्या किनाऱ्यावर २०१५ पासून अफरोझ शहा आणि स्वयंसेवकांनी चालवलेली मोहीम जगभर गाजली. काम मोठे आहे, पण किनारा हे नाल्याचे शेवटचे टोक. वरून येणे थांबत नाही तोवर खाली वेचणे संपत नाही. अमेरिकेतल्या फिलाडेल्फियाने उलट बाजूने सुरुवात केली. तिथे २०११ पासून रस्त्याकडेला पाणी जिरवणारे खड्डे-बागा केल्या जात आहेत. मोठ्या मालमत्तांचे पावसाच्या पाण्याचे शुल्कही आवारात किती जमीन सिमेंट-डांबराने झाकली आहे त्यावर ठरते. ज्याचे पार्किंग मोठे, त्याचे बिल मोठे. आपल्याकडे मॉलही काही भरत नाही आणि किंमत मोजते ती खालची वस्ती.

मुंबईत सात नवी सांडपाणी प्रक्रिया केंद्रे उभी राहत आहेत, एकूण क्षमता दिवसाला २,४६४ दशलक्ष लिटर. पण वस्तीतून केंद्रापर्यंत वाहिनीच नसेल तर तिथली घाण नाल्यातच जाणार. म्हणून वॉर्ड कार्यालयात माहिती अधिकारात विचारायचे ते हे: आमच्या नाल्यात सांडपाणी सोडणारी तोंडे किती आणि कुठे, ती मलवाहिनीला कधी जोडणार, नाल्यात उतरलेल्या मजुरांची हजेरी आणि साधनांची यादी द्या. तोंडे मोजायला वर्षावासात विहारात जमणारी तरुण मुले एका रविवारी पुरेशी आहेत, पाणी ओसरल्यावर फोटो आणि ठिकाण नोंदवून. अर्ज मात्र मे महिन्यात करू नका. तोवर कंत्राटे दिलेली असतात. गाळाच्या निविदा हिवाळ्यात निघतात, तेव्हाच अर्ज टेबलावर पडला पाहिजे.