वावर कोणाचं?

आमच्या संग्रामपूर तालुक्यात शेताला शेत कोणी म्हणत नाही, वावर म्हणतात. लहानपणी शाळेतून आल्यावर "माय कुठं गेली?" या प्रश्नाचं उत्तर वर्षातले आठ महिने ठरलेलं असे : वावरात. बाबा वखरणी-डवरणीला जायचे, बाजार करायचे, सोसायटीच्या चकरा मारायचे. टोबणी, निंदण, कपाशीची वेचणी, तुरीची सोंगणी, हे सगळं आईचं आणि तिच्यासोबतच्या बायांचं. पण वावर कोणाचं, असं विचारलं की गावात कोणीही बाबांचं नाव सांगे. आईसुद्धा.

बाबा 2008 साली गेले. वारस म्हणून आई, ताई आणि मी अशी तीन नावं सातबाऱ्यावर चढली. तीन महिन्यांनी आम्ही तिघं दुय्यम निबंधकाच्या कचेरीत गेलो आणि आई व ताईनं माझ्या नावे हक्कसोडपत्र करून दिलं. कोणी जबरदस्ती केली नाही. केली असती तर निदान भांडण तरी झालं असतं! मामा म्हणाले, पद्धत आहे. ताईच्या सासरचे म्हणाले, आम्हाला काय कमी आहे? ताईला मी साडी घेतली, चांगली महागाची. ती हसून म्हणाली, "माहेर राहिलं पाहिजे बाबा, वावराचं काय." मी तेव्हा पुण्यात नोकरीला लागलो होतो, शिकलेला होतो, पेपर वाचत होतो. 2005 साली केंद्राच्या हिंदू वारसा कायद्यात दुरुस्ती होऊन मुलीला वडिलोपार्जित मालमत्तेत जन्मानंच मुलासारखा हक्क मिळाला, हे मला ठाऊक होतं. तरी मी सही घेतली.

आई आयुष्यात कागदोपत्री शेतकरी होती ती एवढीच. एका फेरफारापासून दुसऱ्या फेरफारापर्यंत, तीन महिने.

याची किंमत मला उशिरा कळली. 2019 साली पीएम-किसान योजना आली, वर्षाला सहा हजार. सातबारा माझ्या नावावर, पण मी प्राप्तिकर भरतो म्हणून अपात्र. आई राबते, पण तिच्या नावावर जमीन नाही म्हणून तीही अपात्र. पीककर्ज, पीकविमा, 2021 पासून मोबाइलवरून करायची ई-पीक पाहणी, सगळं खातेदाराच्या नावानं. म्हणजे कपाशीवर बोंडअळी आली की बघते आई, आणि नुकसानीचा अर्ज पुण्यात बसलेला मी करतो. केंद्राच्या 2007 च्या राष्ट्रीय शेतकरी धोरणात शेतकऱ्याची व्याख्या छान ऐसपैस केली आहे : जमीन नावावर असो-नसो, जो कसतो तो शेतकरी. धोरणात ते राहिलं. टेबलावर कागद मागतात तो सातबाराच.

आता आमचा जिल्हा म्हणजे काही बायकांच्या बाबतीत मागास म्हणून ओळखला जाणारा नव्हे. जिजाऊंचं सिंदखेडराजा इथलंच. आणि ताराबाई शिंदे बुलडाण्याच्या. 1882 साली 'स्त्रीपुरुषतुलना' लिहून त्यांनी पुरुषांना जे सुनावलं, त्याला आजही उत्तर नाही. आम्ही भाषणात दोघींची नावं घेतो आणि खाली उतरून बहिणीची सही घेतो.

पुरुषांकडून आपणहून काही झालंच नाही असंही नाही. शरद जोशींच्या शेतकरी संघटनेनं 1986 च्या नोव्हेंबरात चांदवडला शेतकरी महिलांचं मोठं अधिवेशन घेतलं आणि पुढे 1989-90 च्या सुमारास 'लक्ष्मीमुक्ती' काढली. ज्या गावात शंभर घरधनी बायकोच्या नावे जमिनीचा तुकडा करतील ते गाव लक्ष्मीमुक्त, आणि तिथं जोशी स्वतः येणार. जळगाव जिल्ह्यातलं विटनेर त्यातलं गाजलेलं गाव. भाषा अशी की हे दान नाही, बायकोचं फेडायचं राहिलेलं कर्ज आहे. मला हे फार आवडतं. सरकारनंही 1992 मध्ये परिपत्रक काढून नवऱ्याच्या अर्जावरून बायकोचं नाव सहहिस्सेदार म्हणून सातबाऱ्यावर लावायची सोय केली. ती सोय आजही आहे. तुमच्या गावात किती जणांनी वापरली, सहज विचारून बघा.

इथंच माझा सरकारशी वाद आहे. अर्ज नवऱ्यानं करायचा! म्हणजे हक्क पुन्हा त्याच्या मर्जीवर आला. 1994 साली महाराष्ट्रानं केंद्राच्या अकरा वर्षं आधी मुलींना समान वाटा दिला, पण आधीच लग्न झालेल्यांना वगळून. 2020 च्या ऑगस्टमध्ये सर्वोच्च न्यायालयानं स्पष्ट केलं की मुलीचा हक्क जन्मापासूनचा, 2005 साली बाप हयात होता की नाही हा प्रश्नच नाही. कायदा असा एकेक पायरी वर चढत आला आणि हक्कसोडपत्र त्याच्या पुढेच उभं. किरकोळ स्टँपवर, एका दुपारी, सगळा कायदा गुंडाळून ठेवता येतो.

आणि जिथं सरकारनं मर्जी ठेवली नाही तिथं काम झालं आहे. आमच्याच तालुक्याच्या उत्तरेला सातपुड्याच्या पायथ्याशी कोरकू, भिलाला लोकांच्या वस्त्या आहेत. 2006 च्या वनहक्क कायद्याप्रमाणे नवराबायको असतील तर वनजमिनीचा पट्टा दोघांच्या नावे द्यावा लागतो. अर्ज नाही, विनवणी नाही. जंगलाला जो नियम चालतो तो खाली काळ्या मातीला का चालू नये?

हे मी केवळ तत्त्वासाठी म्हणत नाही. 2006 च्या पंतप्रधान पॅकेजातल्या सहा जिल्ह्यांत आमचा बुलडाणा होता, कशासाठी ते सांगायला नको. शेतकरी आत्महत्या करतो आणि दुसऱ्या दिवसापासून ते वावर बाईच ओढते. महिला किसान अधिकार मंचानं 2018 साली विदर्भ-मराठवाड्यातल्या अशा 505 बायांची पाहणी केली, तर सुमारे 40 टक्के जणींना त्या कसत असलेल्या जमिनीचा हक्क मिळालेला नव्हता. दीर, सासरा, भाऊबंद. कर्ज मात्र तिच्या दाराशी येतं.

माझं म्हणणं साधं आहे. लग्नानंतर नवऱ्याच्या खात्यात बायकोचं नाव आपोआप लागावं. आणि बाप गेल्यावर निदान पाच वर्षं मुलीच्या किंवा विधवेच्या हक्कसोडपत्राची नोंदणीच होऊ नये. दुःखात, तेराव्याच्या आसपास घेतलेली सही ही संमती नसते. यानं भावाबहिणींत वितुष्ट येईल असं म्हणतात. येईलही काही घरांत. पण बहिणीनं हक्क सोडावा तरच टिकतं ते प्रेम नेमकं कोणाच्या सोयीचं, हेही विचारायला हवं ना?

गेल्या दिवाळीत मी ताईला फोन करून म्हणालो, तुझा वाटा परत करायचा आहे, बक्षीसपत्र करू. ती बराच वेळ गप्प. मग म्हणाली, "अगोदर मायचं नाव लाव." आईला सांगितलं तर ती तुरीच्या शेंगा सोलत होती. "आता काहून?" म्हणाली. मी कायदा सांगायला लागलो. तिनं ऐकलं, आणि विचारलं, "मग त्या बरड्या तुकड्यात मी औंदा सोयाबीन नाई पेरत, ज्वारी पेरतो. चालते न?"

तीस वर्षं बाबांना आणि नंतर मला सोयाबीनच हवं होतं. तिला ज्वारी हवी होती हे मला त्या दिवशी कळलं. कागद तलाठ्याकडे (आता त्यांना ग्राम महसूल अधिकारी म्हणायचं) दिले आहेत.