नोंदवहीबाहेरची माणसे

तांब्या-पितळेच्या भांड्यांसाठी आणि टेकडीवरील किल्ल्यासाठी ओळखल्या जाणाऱ्या सोनगीरजवळून मुंबई-आग्रा महामार्ग जातो. २०२० सालच्या मे महिन्यात या रस्त्याने जे दृश्य पाहिले, ते खानदेशास सहजासहजी विसरता येणार नाही. मुंबई, ठाणे, नाशिक येथील कारखाने व बांधकामे टाळेबंदीने बंद पडली. हाताला काम नाही, घरमालकास द्यावयास भाडे नाही, अशा स्थितीत हजारो मजूर बायकामुलांसह उत्तरेकडे चालत निघाले. शिरपूर, पळासनेर ओलांडून बिजासन घाटापलीकडे आपले गाव गाठावे, एवढीच त्यांची आकांक्षा होती. छळाच्या भीतीने स्वतःचा देश सोडून परक्या देशात आसरा घेणाऱ्यास कायदा निर्वासित म्हणतो. हे लोक तर याच देशाचे नागरिक होते. तथापि आपल्याच देशात ज्यास निवारा नाही, अन्न नाही आणि ज्याची दाद घेणारा कोणी नाही, त्यास दुसरे कोणते नाव द्यावे?

त्या काळात देशात यंत्रांची वाण नव्हती. प्रवासाचा परवाना मोबाइलवरून मागता येत होता, रेल्वेगाडीसाठी नाव नोंदविता येत होते. परंतु मागणाऱ्यास उत्तर देणारा माणूस यंत्रामागे असेलच, याची खात्री नव्हती. जालन्याच्या पोलाद कारखान्यातील मजूर आपल्या भुसावळकडे पायी निघाले होते. तेथून मध्य प्रदेशची गाडी मिळेल ही त्यांची आशा. ८ मे २०२० रोजी पहाटे करमाडजवळ, थकून रुळांवर झोपलेल्या त्यांच्यापैकी १६ जण मालगाडीखाली सापडून मरण पावले. परवान्यासाठी अर्ज केला होता, पण उत्तर आले नव्हते, असे वाचलेल्या सोबत्यांनी सांगितले. अर्ज यंत्रात होता आणि माणूस रुळावर होता. या दोहोंमधील अंतर हाच आजच्या लेखाचा विषय आहे.

हे अंतर यंत्रयुगाने निर्माण केलेले नाही, ते फार जुने आहे. फाळणीनंतर पाकिस्तानातून पूर्व पंजाबात आलेल्या अस्पृश्य निर्वासितांची दैना परमपूज्य बाबासाहेबांनी १८ डिसेंबर १९४७ रोजी पंडित नेहरूंना पत्र लिहून कळविली होती. छावण्यांतील अधिकारी सवर्ण व अस्पृश्य निर्वासितांत भेद करीत, म्हणून आमचे बांधव छावणीत राहत नसत. आणि धान्य व कपडे मिळावयाचे तर छावणीत राहिलेच पाहिजे, असा मदत खात्याचा नियम होता. नियमात कोठेही जातीचा उल्लेख नव्हता. तरीही तो नियम नेमका अस्पृश्यांनाच उपाशी ठेवीत होता. नोंदवही निष्पक्ष दिसते, परंतु तिच्या दारात कोण उभा आहे आणि आत येण्याची अट कोणती आहे, यावर तिचा न्याय ठरतो, हा धडा बाबासाहेबांनी त्या पत्रात घालून दिला आहे.

नव्याने धम्मात आलेल्या कुटुंबांना हे निराळे सांगावयास नको. १९५६ साली धम्मदीक्षा घेऊन धर्माच्या रकान्यात 'बौद्ध' असा एक शब्द लिहिल्याबरोबर अनुसूचित जातींसाठी असलेले केंद्र सरकारचे संरक्षण दुरावले. ते परत मिळण्यास १९९० सालची दुरुस्ती व्हावी लागली. मधल्या चौतीस वर्षांत माणसांचे दारिद्र्य बदलले नव्हते, बदलला होता तो केवळ कागदावरील एक रकाना.

म्हणून यंत्रावर बहिष्कार घालावा काय? आमचे उत्तर निःसंदिग्धपणे 'नाही' असे आहे. पूर्वी शिधापत्रिका गावच्या दुकानाशी बांधलेली असे. ऊसतोडीस गुजरातेत गेलेल्या खानदेशी मजुराचे धान्य गावी राही आणि तो परमुलखात चढ्या भावाने धान्य विकत घेई. २०१९ च्या ऑगस्टमध्ये महाराष्ट्र व गुजरात या राज्यांत प्रयोगादाखल शिधापत्रिका परस्परांकडे चालू लागली. २९ जून २०२१ रोजी सर्वोच्च न्यायालयाने स्थलांतरित मजुरांच्या प्रकरणात सर्व राज्यांना ३१ जुलैपर्यंत ही योजना अमलात आणण्याचा आदेश दिला. आज एकाच शिधापत्रिकेवर मजूर परराज्यात आपल्या वाट्याचे धान्य घेऊ शकतो आणि गावी राहिलेले वृद्ध आईबाप आपल्या वाट्याचे घेऊ शकतात. हक्क माणसाबरोबर चालू लागला, ही लहान गोष्ट नव्हे. जॉर्डनमधील झातारी छावणीत सीरियाचे निर्वासित २०१६ पासून डोळ्यांची बुबुळे यंत्रास दाखवून दुकानातून आपल्या पसंतीचा जिन्नस घेऊ लागले. ज्याचे सारे कागद युद्धात जळाले, त्याची ओळख त्याच्या देहातच सापडली.

परंतु देह झिजतो. विटा उचलून, ऊस तोडून, हातोडा चालवून ज्याच्या बोटांच्या रेषा पुसल्या गेल्या, त्याचा ठसा यंत्र नाकारते. तेव्हा दुकानदार 'मशीन घेत नाही' एवढे म्हणून मोकळा होतो. आमच्या बांधवांनी हे उत्तर मान्य करता कामा नये. केवळ आधार नाही किंवा ठसा जुळला नाही, या कारणावरून पात्र कुटुंबास धान्य नाकारू नये, अशी सूचना केंद्र सरकारने २४ ऑक्टोबर २०१७ रोजीच राज्यांना दिली आहे. अन्न सुरक्षा कायदा, २०१३ अन्वये जिल्हा तक्रार निवारण अधिकारी व राज्य अन्न आयोग यांच्याकडे दाद मागता येते. नकार मिळाल्यास तारीख व कारण लिहून काढावे, लेखी तक्रार द्यावी आणि पोच घ्यावी. तोंडी नकारास पुरावा नसतो आणि पुराव्यावाचून न्याय मिळत नाही.

दुसरा धोका याहून खोल आहे. जी नोंद अन्न देते, तीच नोंद शत्रूच्या हाती पडल्यास माणसाचा माग काढते. बांगलादेशातील रोहिंग्या निर्वासितांची किमान ८ लाख ३० हजार नावे, त्यांच्यापैकी अनेकांच्या जाणत्या संमतीवाचून, ज्या म्यानमारमधून ते जीव घेऊन पळाले त्याच सरकारकडे गेली, असा आरोप ह्यूमन राइट्स वॉच या संस्थेने २०२१ साली केला. संयुक्त राष्ट्रांच्या निर्वासित कार्यालयाने, आपण संमती घेतली होती, असे त्यावर सांगितले. येथे बौद्धांनी एक गोष्ट स्पष्ट बोलली पाहिजे. त्या देशात बहुसंख्य लोक स्वतःस बौद्ध म्हणवितात. ज्या हातांनी लाखोंना बेघर केले, त्या हातांना तथागताचे नाव घेण्याचा अधिकार नाही. करुणा ही आपल्या जमातीपुरती राखून ठेवता येत नाही.

खासगीपणा हा मूलभूत हक्क आहे, असा निर्णय सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायाधीशांच्या पीठाने २४ ऑगस्ट २०१७ रोजी दिला आहे. हा हक्क केवळ बंगल्यात राहणाऱ्यांसाठी नाही. रस्त्यावर चालणाऱ्या मजुराचाही तो आहे.

सबब सरकारकडे आमच्या मागण्या तीन आहेत. यंत्र नाकारील तेथे निर्णय देणारा जबाबदार अधिकारी असावा. अर्जदारास ठराविक मुदतीत कारणासह उत्तर मिळावे. एका कामासाठी घेतलेली माहिती दुसऱ्या कामास वापरू नये. आणि समाजाकडे आमचे मागणे एकच आहे. प्रत्येक वस्तीतील शिकलेल्या मुलामुलींनी आठवड्यातून एक सायंकाळ विहारात बसावे, परगावी जाणाऱ्या कुटुंबांच्या शिधापत्रिका व नोंदी तपासून द्याव्यात, तक्रारी लिहून द्याव्यात. मोबाइल प्रत्येक घरात आला आहे. त्यावर आपला हक्क वाचता येणारा माणूसही प्रत्येक घरात तयार व्हावयास हवा. तसे झाले तर सोनगीरवरून जाणारा रस्ता पुन्हा कधी उपाशी माणसांनी भरला, तेव्हा त्यांच्या अर्जांना उत्तर देणारे कोणी तरी निश्चित असेल.